वर्गाच्या हस्तलिखिताची घटना

शाळेचे हस्तलिखित म्हटले की डोळ्यांसमोर बहुधा एकच वस्तू येते. मखमली पुठ्ठा, त्यावर सोनेरी कागदातून कापलेली अक्षरे, आत वर्गातील सर्वांत सुंदर हस्ताक्षराच्या मुलीने उतरवून काढलेले आठ-दहा निबंध. निबंध शिक्षकांनी तपासलेले असतात; काही वेळा ते शिक्षकांनीच लिहिलेले असतात, हेही आपणा सर्वांस ठाऊक आहे. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते, टाळ्या पडतात आणि हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. पुढे तपासणीच्या दिवशी ते बाहेर निघते. वर्गातील बहुसंख्य मुलांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो.

स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांस शाळेतील एखाद्या उपक्रमाविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्ही याच विषयाची निवड केली. कारण गेली तीन वर्षे आमच्या वर्गात एक वेगळ्या प्रकारचे हस्तलिखित चालू आहे आणि त्याविषयी पालकांत व माजी विद्यार्थ्यांत बरीच कुजबुज आहे. कुजबुज काही अनाठायी नाही. ताडकळससारख्या गावी, पूर्णा, पालम, गंगाखेड तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून आलेली मुले एका छताखाली राहत असताना, एकाने लिहिलेले उद्या सगळे गाव वाचणार असेल तर पालकांना काळजी वाटणारच. त्या काळजीला उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. मात्र आमचे मत आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मुलांचे सामूहिक लेखन सुरू करणे सोपे आहे. कोऱ्या वहीची किंमत ती काय! अवघड आणि मोलाचे काम आहे ते त्या लेखनाचे नियम मुलांनी स्वतः घडवण्याचे. आणि हे नियम शाळेची अब्रू राखण्यासाठी असता कामा नयेत. लिहिणाऱ्या मुलाला आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला जपण्यासाठी ते असावेत.

वहीचे स्वरूप थोडक्यात सांगतो. जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली मोठी वही. उजव्या पानावर लेखन, डावे पान कोरे. डाव्या पानावर ज्याला उत्तर द्यायचे असेल त्याने द्यावे. दर पौर्णिमेला अंक पुरा होतो आणि महिनाभर वर्गातील खिडकीपाशी मेजावर उघडा राहतो. निवड नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. वर्गातील प्रत्येकाने वर्षातून किमान तीनदा लिहायचे. मग ती चार ओळींची नोंद असो वा चार पानांची.

पहिल्या वर्षी वहीचे पहिले पान लिहिण्यापूर्वी आम्ही नियमांसाठी सहा तासिका दिल्या. ‘अभ्यासक्रम राहून जाईल’ असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. परंतु निवासी शाळेतील लेखन आणि दिवसा भरणाऱ्या शाळेतील लेखन यांत फरक आहे. गावच्या शाळेतील मुलाने काही लिहिले आणि कोणी हसले, तर पाच वाजता तो घरी जातो. आमचा मुलगा कोठे जाणार? ज्याने दुपारी त्याचे पान वाचले, तोच रात्री ताट घेऊन रांगेत त्याच्या मागे उभा असतो आणि त्याच्याच शेजारच्या पलंगावर झोपतो. पानावरील एक शब्द त्याचे टोपणनाव होऊन दहावीपर्यंत चिकटू शकतो. ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत, अशा माजी विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

नियम करायचे तर ते कोणत्या रीतीने? येथे आम्हांस आपल्याच परंपरेतील एका प्रसंगाने वाट दाखवली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांना संवादाचे आमंत्रण देतो. नागसेन लगेच होकार देत नाहीत. राजाने पंडितांच्या रीतीने चर्चा करायची असेल तर आपण तयार आहोत, राजांच्या रीतीने करायची असेल तर नाही, असे ते सांगतात. राजा फरक विचारतो. पंडितांच्या चर्चेत मुद्द्याची गाठ मारली जाते आणि सोडवलीही जाते, चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट धरून बसतात आणि जो मान्य करणार नाही त्याला दंड फर्मावतात. मिलिंदाने पहिली अट मान्य केली, आणि मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचेच नाव मिळाले. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसमोर प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव ठेवले गेले, यात फार मोठा अर्थ आहे असे आम्ही मानतो. त्याच शहरात पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि पूर्वी ज्यांना कोणी लेखक म्हणत नव्हते अशा कितीतरी तरुणांना छापील पान मिळाले.

आता वर्गात राजा कोण, हे सांगायला नको. ज्याच्या हाती लाल शाईचे पेन आणि हजेरीपट असतो तो. म्हणून वर्गाने केलेला पहिला नियम शिक्षकांसाठी आहे: वहीतील मतासाठी कोणत्याही मुलाचे गुण कमी होणार नाहीत, आणि शिक्षकाला मत पटले नाही तर त्यानेही डाव्या पानावरच, सही करून, उत्तर लिहायचे. वर्गात उभे करून विचारायचे नाही. आमच्यापैकी दोघा सहकाऱ्यांना हे जड गेले. पण ते आता डाव्या पानावर लिहितात, आणि मुले त्यांना तेथेच प्रत्युत्तर देतात.

नियम संमत करण्याची पद्धतही आम्ही घरचीच घेतली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती. भिक्खुसंघात आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी आणि गुप्त मतदान या सर्वांचे नियम होते. आपण हा उतारा जयंतीच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. तो वर्गात वापरून पाहणारे थोडे. संघात प्रस्तावाला ‘ञत्ति’ म्हणत, महत्त्वाचा प्रस्ताव तीनदा घोषित करीत, ज्याला मान्य असेल त्याने मौन राहायचे आणि ज्याला अमान्य असेल त्याने बोलायचे. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत. त्यात गुप्त मतदानाचाही प्रकार होता.

आम्ही तीनदा घोषणेची रीत घेतली, पण मौन म्हणजे संमती हा भाग घेतला नाही. का? भिक्खूचे मौन आणि आमच्या आठवीतील मुलीचे मौन यांत अंतर आहे. ज्या मुलीला घरी, बसथांब्यावर, दुकानाच्या उंबऱ्याशी गप्प राहण्याचीच शिकवण मिळाली, तिच्या गप्प राहण्याला आम्ही संमती मानणे हा तिच्यावर अन्याय ठरला असता. म्हणून थेट शलाका. शेतात तुराट्यांना तोटा नाही. वीतभर काड्या तोडल्या. सोललेली काडी होकाराची, सालीसकट काडी नकाराची. डब्यात हात घालून टाकायची. ‘शुद्धलेखन शिक्षकांनी तपासल्याशिवाय कोणतेही पान वहीत जाऊ नये’ हा आमचा प्रस्ताव पहिल्याच दिवशी सालीच्या काड्यांनी पडला. हात वर करून मत घेतले असते तर तो एकमताने संमत झाला असता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

सुरुवातीला चारच नियम केले. अधिक करावेत असा मुलांचा आग्रह होता, कारण मुलांना नियम करण्याची हौस मोठ्यांपेक्षा जास्त असते. तेव्हा त्यांना विनयपिटकातील हकिकत सांगितली: सारिपुत्तांनी तथागतांना संघासाठी नियम घालून देण्याची विनंती केली, तेव्हा तथागतांनी थांबण्यास सांगितले, दोष प्रकट होतील तेव्हा नियम होतील. विनयातील बहुतेक नियमांमागे एखादी घडलेली घटना आहे. आमच्या वहीतही तसेच झाले. आज नियम नऊ आहेत, आणि प्रत्येकाखाली तो कशामुळे झाला हे मुलांनी दोन ओळींत, नावे गाळून, लिहून ठेवले आहे. पौर्णिमेला अंक पुरा झाला की ते मोठ्याने वाचले जातात.

त्यांपैकी तिघांविषयीच येथे विस्ताराने लिहितो, कारण वादही त्यांच्याचविषयी आहे.

पहिला वाद भाषेचा. दिवाळी सरली की आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि लेकरे वसतिगृहात राहतात. एका मुलाने सुट्टीत आईबापाकडे राहून आल्यावर लिहिले. त्यात ‘कोपी’ होती, ‘उचल’ होती, ‘वाढे’ होते, ‘कोयता’ होता. एका सहकाऱ्यांनी सद्‌हेतूने पेन्सिलीने ‘कोपी’च्या जागी ‘झोपडी’ आणि ‘उचल’च्या जागी ‘आगाऊ रक्कम’ सुचवले. वर्गात चर्चा झाली. मुलगा म्हणाला, “सर, झोपडी आमची आसती. कोपी कारखान्याच्या रानात, चार महिन्यापुरती.” झोपडी लिहिली असती तर वाक्य शुद्ध झाले असते आणि खोटे झाले असते. ‘कोयता’ म्हणजे नुसते अवजार नव्हे, तर मुकादमाच्या हिशेबातील नवराबायकोची जोडी, हे आमच्यातील शहरात वाढलेल्या शिक्षकांना त्या दिवशी कळले. ‘उचल’ या तीन अक्षरांत फेडून न संपणारे वर्षभराचे देणे आहे; ‘आगाऊ रक्कम’ या शब्दांत ते येत नाही. तेव्हापासून नियम असा: घरचा शब्द लिहिणाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणीही बदलायचा नाही, वाचणाऱ्याला तो कळत नसेल तर वहीच्या शेवटी त्याचा अर्थ लिहायचा. त्या शेवटच्या पानांना मुलांनी ‘शब्दघर’ म्हटले आहे. ते वाढतच चालले आहे.

यावर कोणी म्हणेल की अशाने मुलांची मराठी सुधारणार कशी? प्रमाण मराठी आमच्या मुलांना आलीच पाहिजे, त्याबाबत तडजोड नाही. बोर्डाचा पेपर, नोकरीची मुलाखत, न्यायालयातील अर्ज हे सारे प्रमाण भाषेत चालते, आणि बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’मधील अग्रलेखांची भारदस्त मराठी आम्ही वर्गात मुद्दाम वाचून घेतो. त्यासाठी निबंधाची वही वेगळी आहे आणि तेथे लाल पेन सढळ हाताने चालते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या हस्तलिखितातही वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिल्या जातात. मुले त्या बहुधा आपणहून दुरुस्त करतात. एखाद्याची वेलांटी सुधारून देणे आणि त्याच्या शब्दाच्या जागी आपला शब्द बसवणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

या बाबतीत इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीतील शाळेचा दाखला आम्ही शिक्षक मित्रांना आवर्जून देतो. लॉरेन्झो मिलानी या धर्मगुरूने नापास होऊन शाळेबाहेर पडलेल्या शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी ती चालवली. तेथील आठ मुलांनी मिलानींच्या मार्गदर्शनाखाली, मुलांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक पत्र लिहिले आणि १९६७ साली ते पुस्तकरूपाने निघाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. त्या मुलांची लिहिण्याची रीत अशी की प्रत्येकाने एकेक विचार वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, मग साऱ्या चिठ्ठ्या मेजावर पसरून सारख्या सारख्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा, मोठ्याने वाचायचे, आणि ज्या शब्दावाचून भागते तो शब्द काढून टाकायचा. सामूहिक लेखन म्हणजे हुशार मुलाने लिहायचे आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या, हा समज त्याने नाहीसा होतो. विशेषांकाचा एक लेख आम्ही दरवर्षी याच रीतीने लिहून घेतो. त्याला पंधरा दिवस लागतात आणि भांडणेही होतात.

दुसरा वाद खरे-खोटे कसे ठरवायचे याचा. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि शहर अशांत झाले; पुढे काही दिवसांतच सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत आमच्या वसतिगृहातील फोन थांबत नव्हता. अनेक मुलांचे नातलग परभणीच्या वस्त्यांत राहतात. मुलांना लिहायचे होते. हा विषय वहीत नको, असे काही वडीलधाऱ्यांचे मत होते. मुलांच्या सुरक्षिततेच्या चिंतेतून ते आलेले होते, त्याचा आम्ही आदर करतो. पण ज्या मुलांनी संविधानाची उद्देशिका रोज प्रार्थनेत म्हणायची, त्यांनी संविधानावर झालेल्या आघाताविषयी एक ओळही लिहू नये, असे सांगणे आम्हांस शक्य नव्हते.

वर्गाने मार्ग काढला. प्रत्येक पानाचे तीन भाग करायचे: पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले. जे ज्या भागात बसते ते तेथेच लिहायचे. एका मुलाने त्याआधी दोन पाने आवेशाने भरली होती. तो वसतिगृहातून हललाही नव्हता. तेव्हा विभागणी करायला बसल्यावर जवळजवळ सगळेच ‘ऐकलेले’ या भागात गेले, आणि त्यातील निम्मे कोणाकडून ऐकले हेही त्याला सांगता येईना. तो दोन दिवस नाराज होता. मग त्याने मावशीला फोन लावून, तिने स्वतः काय पाहिले तेवढेच विचारले आणि तिच्या नावाविना चार ओळी लिहिल्या. दाराला कडी लावून लेकरांना पलंगाखाली बसवलेल्या बाईच्या त्या चार ओळी होत्या. त्या अंकातील इतर कशाचीही सर त्या ओळींना नाही, असे आमचे मत आहे. केसमुत्तीच्या कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टींविषयी जे सांगितले, ते आम्ही वर्षानुवर्षे वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकत आलो. पानावर रेघा मारून त्याचा असा उपयोग होतो हे मुलांनी दाखवले. ‘वाटलेले’ हा भाग मात्र कोणी कापायचा नाही. राग आला असेल तर राग लिहायचा, पण तो माहितीच्या जागी लिहायचा नाही.

तिसरा वाद सर्वांत नाजूक आहे. घरातले बाहेर किती लिहावे? बापाचे पिणे, आईचे दुखणे, कर्ज, गावातील पाणवठ्यावरचा अपमान. देणगीदार येतात, अधिकारी येतात, ते वही चाळतात. आपल्या दारिद्र्याचे आणि भांडणांचे प्रदर्शन कशाला, असा प्रश्न एका पालकांनी सभेत विचारला आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. प्रश्न योग्य आहे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आपले दुःख ऐकून घेणाऱ्यांनी ते पुष्कळदा आपल्याविरुद्धच वापरले.

परंतु आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा मुक्ता साळवेची आठवण करून दिल्याशिवाय राहवत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. विषय सुरक्षित नव्हता. आपल्या लोकांवर झालेले अत्याचार, बाळंत होणाऱ्या बायकांचे उघड्यावरचे हाल, आणि आपला धर्म कोणता हा थेट ईश्वराला केलेला प्रश्न, सारे त्यात आहे. तिच्या शिक्षकांनी ‘शाळेला मदत करणारे लोक काय म्हणतील’ असा विचार केला असता तर? त्या काळच्या पुण्यातील शाळेला मदतीची गरज आपल्यापेक्षा कमी नव्हती. सावित्रीबाईंचे मोठेपण आपण अनेक प्रकारे सांगतो. आपल्या विद्यार्थिनीला गुळगुळीत निबंध लिहायला न लावणारी शिक्षिका, हेही एक सांगावे.

तरीही मुक्ता साळवेचे नाव घेऊन आम्ही कोणत्याही मुलाला घरचे लिहिण्यास भाग पाडत नाही. नियम असा आहे की स्वतःविषयी लिहिण्याचा अधिकार पूर्ण, दुसऱ्याविषयी लिहायचे तर त्याला आधी वाचून दाखवायचे. आईविषयी लिहिले तर आईला फोनवर वाचून दाखवायचे. यातून अनपेक्षित गोष्टी घडल्या. एका आईने ‘हे पान लिहू नको’ असे सांगितले आणि मुलीने ते फाडले. दुसऱ्या आईने ‘अर्धेच लिहिलेस’ म्हणून उरलेले सांगितले. त्या मातेला लिहिता येत नाही. तिचे सांगणे मुलीने तिच्याच शब्दांत उतरवून घेतले. निनावी लिहिण्याची मुभा आहे, आणि निनावी पान कोणाचे हे शोधून काढण्याचा प्रयत्न करणे हा नियमभंग मानला जातो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुले एकमेकांकडून ते उतरवून घेतात.

एका प्रकारचे लेखन मात्र वहीत येत नाही, आणि ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले जाते. शरीराशी कोणी केलेले गैरवर्तन, मारहाण, जिवाला धोका अशा गोष्टी लिहायच्या असतील तर त्या वहीत न लिहिता विश्वासातील शिक्षिकेला द्यायच्या, किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर सांगायच्या. आणि तेथे आम्ही गुप्ततेचे खोटे वचन देत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर ती कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे म्हणून ऐकायचे आणि मग सांगायचे, याने मुलाचा मोठ्यांवरील विश्वास कायमचा उडतो. त्यापेक्षा कोणाला सांगावे लागेल आणि कशासाठी, हे आधीच सांगणे बरे. जे शिक्षक मित्र आपल्या शाळेत असा उपक्रम सुरू करू इच्छितात त्यांना आमची विनंती आहे की हा भाग वगळून बाकीचे घेऊ नये.

नियम मोडला तर काय, असे नेहमी विचारले जाते. पोलंडमधील वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक यांनी चालवलेल्या अनाथाश्रमात मुलांचे न्यायालय होते आणि त्याच्या संहितेतील पहिली कितीतरी कलमे माफीचीच होती. आमच्याकडे इतका विस्तार नाही. ज्याने दुखावले त्याने डाव्या पानावर लिहायचे, एवढीच शिक्षा. आतापर्यंत ती पुरली आहे.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. चौदा एप्रिलच्या अंकासाठी पहिल्या वर्षी आलेली बहुतेक पाने एकसारखी होती: तीच विशेषणे, तेच प्रसंग, शेवटी तोच जयघोष. कोणत्यातरी भाषणांच्या पुस्तकातून उतरवलेली. पालकांना ती फार आवडली. आम्हांस आवडली नाहीत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले ते मुक्यांनी बोलावे म्हणून. शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्या वारसांनी पाठ केलेलेच बोलावे, हे बाबासाहेबांच्या कार्याशी सुसंगत वाटत नाही. पुढच्या वर्षी वर्गाने ठरवले की त्या अंकात प्रत्येकाने एकच प्रश्न लिहायचा, जो बाबासाहेब भेटले असते तर विचारला असता. काही प्रश्न वाचून आम्ही अवाक् झालो. एका मुलीने विचारले होते की आमच्या वस्तीत तुमच्या जयंतीची वर्गणी बाप देतात, मग मिरवणुकीत आया मागे का चालतात? डाव्या पानावर त्याला चार पुरुष पालकांची उत्तरे आहेत. एकही समाधानकारक नाही, पण त्यांनी सही करून लिहिली, हे त्यांच्या पदरी घातले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांकडे आणि पालकांकडे आमचे मागणे फार नाही. या हस्तलिखिताला ढाल किंवा रोख बक्षीस जाहीर करू नये. दोन सद्‌गृहस्थांनी तशी इच्छा व्यक्त केली, त्यांचे आभार मानून आम्ही नकार दिला, कारण बक्षीस आले की परीक्षक येतो आणि मुले परीक्षकाला आवडेल ते लिहू लागतात. पानांचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकू नये. हा नववा नियम आहे आणि तो कशामुळे करावा लागला ते त्याखाली लिहिलेले आहे. वही पाहायची असेल तर वर्गात येऊन, मेजापाशी बसून पाहावी. मुले चटई टाकून देतात.

आणि वाचून झाल्यावर डावे पान कोरे ठेवून जाऊ नये. आपल्यापैकी पुष्कळजण याच वसतिगृहातून शिकून तलाठी झाले, परिचारिका झाले, वकील झाले, एसटीत लागले, पुण्याच्या कंपन्यांत गेले. ऊसतोडीवरच्या त्या मुलाच्या पानासमोर अद्याप कोणी काही लिहिलेले नाही. आपल्यापैकी कोणी लहानपणी कोपीत राहिले असेल, तर त्याने पौर्णिमेला सवडीने यावे. पेन मेजावर बांधलेले असते. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी साध्या पोस्टकार्डावर लिहून पाठवावे. डिंक लावून ते पानावर चिकटवण्याची जबाबदारी आठवीच्या दोन मुलींनी घेतली आहे, आणि त्या दोघी पोस्टमनची वाट पाहत असतात.